त्या चौघांना कोणी वाचवलं

आमची पोस्ट तेरा हजार फुटांच्या वर होती. कुठे, ते सांगत नाही, सांगायचं नसतं. बावीस माणसं, दोन बंकर, एक जनरेटर, एक कुत्रा. ऑक्टोबरात वर गेलं की मार्चअखेरपर्यंत खाली उतरायचं नाव नाही. मी तेव्हा नायब सुभेदार होतो आणि पोस्ट कमांडर होतो. त्या हिवाळ्यात माझा एक माणूस बर्फाखाली गेला आणि चार वाचले. ते चार माझ्यामुळे वाचले अशी रेकॉर्डला नोंद आहे. ती खोटी आहे. नऊ वर्षं मी ते खोटं अंगावर मिरवलं आणि मागच्या महिन्यात आमच्या वाशीमकडच्या मालेगावात साठ माणसांसमोर खरं सांगितलं. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी मला एकदा येऊन भेटावं.

मी वाशीम जिल्ह्यातला, शिरपूर जैनच्या अलीकडचा. दहावी झाली, भरती झालो, अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आणि सुभेदार म्हणून बाहेर पडलो. गावात सगळे सुभेदार साहेबच म्हणतात. आता जे लिहितो आहे ते वाचल्यावर किती जण म्हणतील, बघू.

पोस्टवरचा दिवस सांगतो. पहाटे साडेचारला उठायचं. बर्फ डब्यात भरून स्टोव्हवर वितळवायचा; तेच पाणी प्यायचं, त्यातच डाळ शिजवायची. उजाडायच्या आत स्टँड-टू, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या मोर्चात हत्यार घेऊन तयार. मग चहा. मग फावडं. रात्री जेवढा बर्फ पडला तेवढा दिवसा उपसायचा. दर तासाला खाली कंपनी हेडक्वार्टरला रेडिओवर सांगायचं, नथिंग टू रिपोर्ट. पाच महिन्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो की सुट्टीवर आल्यावर बायकोने कसे आहात विचारलं, तरी तेच तोंडात आलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी लिंक पेट्रोल निघायचं. पाच माणसं अर्ध्या वाटेपर्यंत उतरायची, खालच्या पोस्टची माणसं तिथपर्यंत चढून यायची. डाक, केरोसीन, औषधं, कांदे-बटाटे घ्यायचे आणि परतायचं. वाटेत एकच जागा वाईट होती. साधारण दोनशे पावलांचा उघडा उतार, ना झाड ना दगड. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं थाळी. थाळीचा नियम ठरलेला: ऊन पडायच्या आत ओलांडायची, दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर ठेवायचं, बोलायचं नाही.

पेट्रोल निघण्याआधी मी ब्रीफिंग घ्यायचो. काम काय, वेळ काय, वाट कोणती, पुढे कोण, मागे कोण. शेवटी विचारायचं, "कोई शक?" आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "नहीं, साब!" पलटण मिश्र होती, त्यामुळे बोलणं हिंदीतच. नागरिकांसाठी सांगतो, की हा प्रश्न पुस्तकात फार चांगल्या हेतूनं घातलेला आहे. माणसाला हुकूम कळला का, त्याला काही दिसतंय का, हे समजावं म्हणून. प्रत्यक्षात आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच उरला होता, की ब्रीफिंग संपलं, आता निघा. अठ्ठावीस वर्षांत "शक है" म्हणणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच पाहिली. त्यातला एक लान्स नायक पुंडलिक.

पुंडलिक जऊळक्याजवळच्या खेड्यातला. बाप तुळशीराम, घरी थोडकी बागाईत: वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पोरगा बोलायचा कमी आणि बघायचा जास्त. वांग्यावर कीड कुठून चढते ते पान उलटून बघायची त्याला घरची सवय होती. बर्फसुद्धा तो तसाच बघायचा. थाळीची वाट त्याच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती, म्हणून पेट्रोलच्या पुढे नेहमी तोच.

पोस्टवर आला त्या पहिल्या आठवड्यात तो मला म्हणाला, "साहेब, तुमी शिरपूरकडचे ना? आमचा बजार मालेगावलेच असते." चेहरा असा फुलला होता त्याचा, जणू घरचंच कोणी भेटलं. मी म्हणालो, "पुंडलिक, यहाँ हिंदी में बोलो." एका जिल्ह्याचे आहेत, साहेब त्याला चढवतो, असं कोणी म्हणू नये ही माझी काळजी. त्यानंतर पाच महिने तो माझ्याशी मराठीत एक शब्द बोलला नाही. मला ते शिस्तीचं लक्षण वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी खूशच होतो.

जानेवारीतली गोष्ट. पोस्टच्या खाली लगेच एक उभा उतार होता, तिथे धरून उतरायला जाड दोर बांधलेला असायचा. एका मंगळवारी ब्रीफिंग संपवून मी विचारलं, "कोई शक?"

"साब, एक है," पुंडलिक म्हणाला.

मी त्याच्याकडे वळलो.

"बोलो."

"नीचे वाली रस्सी, साब. मोड़ पे एक लड़ घिसी हुई है."

तो दोर मी आदल्याच दिवशी तपासला होता. रजिस्टरला सही केली होती. बाकीच्यांच्या नजरा माझ्यावर. मी म्हणालो, "लान्स नायक पुंडलिक, मैंने शक पूछा था, ग्रामसभा नहीं बुलाई थी."

हशा पिकला. सगळ्यात मोठ्यांदा हसला नायक दिलबाग, त्याचा जिगरी दोस्त. पुंडलिक "राइट, साब" म्हणाला आणि सरळ समोर बघत उभा राहिला. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. थंडीमुळे असेल असं मी मनाशी म्हटलं.

दुपारी मी एकटा खाली उतरून दोर बघितला. दोराचा एक पदर घासून सुटत आला होता, तो म्हणाला तिथेच. संध्याकाळच्या आत मी नवा दोर बांधला. आणि कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी स्टँड-टूला सगळी माणसं एकत्र होती. "पुंडलिक बरोबर होता, मी चुकलो," एवढंच म्हणायचं होतं. तोंडाला काय लकवा झाला होता? नाही. ताठा होता. पुंडलिकनं नवा दोर पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची लेस बांधायला वाकलो.

त्या दिवसापासून पोस्टवर कोणाला कसलाच शक राहिला नाही. मी समजत होतो, पोस्ट एकदम टाइट चालली आहे.

फेब्रुवारी संपत आला होता. मंगळवारी दुपारपासून बर्फ सुरू झाला तो गुरुवारी दुपारी थांबला. शेजारच्या पोस्टचं लिंक त्या हिवाळ्यात दोनदा हुकलं होतं. आमचं एकदाही नाही. ही माझी शान होती. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला कंपनी कमांडर रेडिओवर आले. रेडिओवर आमच्या पोस्टचं नाव अल्फा.

"अल्फा, कल का लिंक आप देख लो. योर कॉल. ओव्हर."

"लिंक होगा, सर. ओव्हर."

"श्योर? ओव्हर."

"श्योर, सर. ओव्हर."

"रॉजर. आउट."

आमच्याकडे केरोसीन अजून सहा दिवसांचं होतं. कोणी आजारी नव्हतं. डाक नसती आली तर कोणी मेलं नसतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण लोक माझ्यासाठी कारणं शोधायला लागतात. नव्हतं कारण. मला लिंक हुकवायचं नव्हतं, बस.

शुक्रवारी पावणेसहाला ब्रीफिंग. पाच माणसं: पुढे पुंडलिक, मागे दिलबाग, मध्ये तिघे. मी वेळ सांगितली, वाट सांगितली, थाळीवर दहा पावलांचं अंतर सांगितलं. "कोई शक?"

पुंडलिकचे ओठ हलले. मी पाहिलं. शपथेवर सांगतो, मी पाहिलं. आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"नहीं, साब!"

त्यात त्याचाही आवाज होता. सहाला पेट्रोल निघालं.

सहा चाळीसला रेडिओवर पुंडलिक आला. "अल्फा, पेट्रोल थाली पर. क्रॉस करता हूँ. ओव्हर."

मी म्हणालो, "जल्दी करो. धूप आने वाली है. ओव्हर."

"रॉजर."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. सहा अठ्ठेचाळीसला आवाज आला. ट्रकातून एकदम पन्नास पोती घसरावीत तसा, पण थांबेचना. मग पेट्रोलच्या दुसऱ्या सेटवरून दिलबाग.

"अल्फा, अल्फा. साब, थाली गई."

"कौन-कौन? ओव्हर."

"एक, साब. पुंडलिक."

"बाकी?"

"बाकी चार इधर हैं, साब. पत्थर के पीछे."

मला कळेना. दहा पावलांचं अंतर म्हणजे पुढचा मध्यावर असताना पाचही जण थाळीवर असायला हवेत. चौघं अलीकडच्या खडकामागे काय करत होते? पण विचार करायला वेळ नव्हता. आठ माणसं घेतली आणि निघालो. सात पस्तीसला पोचलो. ओळ धरून काठ्या खुपसत, फावड्यांनी उकरत गेलो. आठच्या सुमारास ऊन आलं. वरून आणखी येईल का याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. अकरा पाचला त्याचा हातमोजा दिसला. अकरा वीसला तो बाहेर आला. चेहरा स्वच्छ होता. याहून जास्त लिहीत नाही.

मी गुडघ्यावर बसलेलो. दिलबाग समोर उभा. त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं, तो पुसत नव्हता.

"तुम लोग पीछे क्यों थे?" मी विचारलं.

"उसने रोका, साब. बोला, जब तक मैं पार न हो जाऊँ, कोई पैर नहीं रखेगा. मैंने कहा, इंटरवल तो दस कदम का है. बोला, साब का नया ऑर्डर है."

मी असा कोणताही ऑर्डर दिला नव्हता.

"उसको मालूम था, साब," दिलबाग म्हणाला. "कल हम दोनों टेलिफोन की लाइन जोड़ने ऊपर गए थे. वहाँ से दिखता है. थाली के सिरे पे दरार थी. दो उंगल की."

"मुझे क्यों नहीं बताया?"

दिलबागनं मित्राकडे बघितलं. मग म्हणाला, "क्या बताते, साब."

मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, पुंडलिकला घातल्या, शेवटी स्वतःवर आलो. त्या पोरानं बघितलं, ओळखलं, सांगायला तोंड उघडलं, मी घड्याळ बघितलं. सांगण्याची वाट बंद म्हटल्यावर त्यानं एकच केलं. माझ्या नावानं एक खोटा हुकूम काढला, चौघांना दगडामागे बसवलं आणि एकटा पुढे गेला. माझा हुकूम त्यानं मोडलाही नाही आणि माझ्या हुकमानं आणखी कोणाला मरूही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनी कमांडर आले. जागा पाहिली, पावलांचे ठसे पाहिले, खडक पाहिला. भला माणूस होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "स्पेसिंग अच्छी रखवाई आपने, साहब. नहीं तो पाँचों जाते."

मी म्हणालो, "यस, सर."

दिलबाग चार फुटांवर उभा होता. त्यानं ऐकलं. तो गप्प राहिला. गप्प राहायला त्याला मीच शिकवलं होतं. कागदावर तसंच गेलं. पुढे मला त्याबद्दल शाबासकीचं पत्रही मिळालं. घरी फ्रेम करून लावलं होतं बायकोनं.

पुंडलिकला घेऊन मीच गावी आलो. नागपूरपर्यंत विमान, पुढे पलटणीची गाडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, शाळेची मुलं, घोषणा. तुळशीराम काका म्हणजे लहानसा, वाळलेला माणूस, पांढरी टोपी, धोतर. ते रडत नव्हते. सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ आले.

"साहेब, त्याची काई चुकी झालती का?"

"नाही, काका."

"मंग?"

मी म्हणालो, "बर्फाचा काय भरोसा, काका."

त्यांनी मान हलवली. शेतकऱ्याला असं उत्तर पटतं. गारपिटीचा काय भरोसा, पावसाचा काय भरोसा, तसाच बर्फाचा. तेवढ्यात कोणीतरी त्यांना सांगितलं, की हेच ते साहेब, यांच्यामुळेच बाकी चार वाचले. काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "चार लेकरं वाचवले तुमी. देव तुमचं भलं करो." जमीन फाटून आत घ्यावं असं वाटलं मला. आणि मी उभा होतो तसाच उभा राहिलो, सावधान.

नोकरी संपली. आता मी मालेगावच्या बाहेर, वाशीम रोडवरच्या एका डाळ-सोयाबीनच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे. कारखान्याचं नाव देत नाही. सकाळी सातला गेट, संध्याकाळी चारला घरी. बाजाराच्या दिवशी तुळशीराम काका मालेगावात वांगी आणि सांबार घेऊन बसायचे. मी त्या गल्लीतून जात नव्हतो. भाजीपाला आणायला बायकोला पाठवायचो.

मागच्या महिन्यात मालकांनी मंगल कार्यालयात अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम ठेवला. सगळे सुपरवायझर, ऑफिसची माणसं, साठ-एक जण. स्टेजवर फ्लेक्स: कामाच्या ठिकाणी यशासाठी नेतृत्वगुण. सकाळी बाहेरगावाहून आलेल्या एका ट्रेनरनं प्रोजेक्टरवर चित्रं दाखवली. लीडरनं कसं हसावं, कसं ऐकावं, हात कसे ठेवावेत. नंतर माझी पाळी. "पंधरा मिनिटं बोला, साहेब, मिलिटरी लीडरशिपवर. पोट्ट्यांच्या अंगावर काटा आला पायजे," मालक म्हणाले.

मी स्टेजवर चढलो आणि पाहतो तर पहिल्या रांगेत सोफ्यावर तुळशीराम काका. मालकांनी वीरपिता म्हणून शाल-श्रीफळ द्यायला बोलावलं होतं, मला न सांगता. सरप्राईज.

मालकांनी माईक घेतला. "सुभेदार साहेबांनी फक्त एका निर्णयानं चार जवानांचे प्राण वाचवले. याला म्हणतात लीडरशिप!" टाळ्या. काकांनी शाल सावरली आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून, मनापासून.

तिथे माझा बांध फुटला. मी पंधरा मिनिटांचं पाठ केलेलं भाषण केलंच नाही. अकरा मिनिटं बोललो. दोर सांगितला, हशा सांगितला, घड्याळ सांगितलं. भेग सांगितली. चौघांना कोणी वाचवलं ते सांगितलं, आणि कमांडरला मी काय उत्तर दिलं तेही. शेवटी म्हणालो, "तुमच्या हाताखाली माणसं आहेत. मशीनजवळ ती उभी असतात, तुम्ही नसता. त्यांच्याकडून तुम्हाला एकच गोष्ट मिळायची असते, ती म्हणजे खबर. ती देणाऱ्याला चारचौघांत हसलात की दुकान बंद. आणि त्याचं खरं निघालं, तर ज्या चारचौघांत हसलात त्यांच्यातच सांगा की तो बरोबर होता. गुपचूप दुरुस्ती करून भागत नाही. मी करून बघितलं आहे. एवढंच. मला बाकीचे गुण माहीत नाहीत."

मग ट्रेनरनं टाळ्या सुरू केल्या आणि बोर्डावर आणखी एक मुद्दा लिहिला: चूक मान्य करण्याचे धाडस. मालक जेवणाच्या रांगेत म्हणाले, "साहेब, थोडं निगेटिव्ह झालं, पण बोललात दमदार." आणि दोनच दिवसांनी मी कारखान्याच्या गेटमधून आत येत होतो, तर एक हमाल सुपरवायझरला सांगत होता, "भाऊ, हा मशीनचा पट्टा एका बाजूले ओढून राह्यला." सुपरवायझर म्हणाला, "तू कवा इंजिनीअर झाला बे?" सगळे फिदीफिदी हसले. हाच सुपरवायझर हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत बसून डोळे पुसत होता. मी पट्टा बंद करायला लावला. मी घरी गेल्यावर त्यांनी चालू केला असणार. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आता त्या दिवशीचं, काकांचं सांगतो. जेवणं झाल्यावर ते माझ्याजवळ आले. शाल खांद्यावर, नारळ पिशवीत.

"मले वावरात सोडता का?"

मी मोटारसायकल काढली. जऊळक्यापर्यंत ते मागे नारळाची पिशवी धरून बसले होते. मला वाटलं, शिव्या देतील. थोबाडीत मारतील. मारावी असंच मला वाटत होतं. वावरात पोचलो तेव्हा चार वाजले होते. काका बांधावर टेकले. मला बसा म्हणाले नाहीत, पण जा असंही म्हणाले नाहीत. मी उभाच राहिलो.

"भेग खरंच होती?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

"दोन बोटं?"

"दोन बोटं. दिलबागनं स्वतः पाहिली होती."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आदल्या सांजच्याले त्याचा फोन आल्ता," ते म्हणाले. "म्हने, बाबा, वरतं बर्फाले भेग पडली हाय. सकाळी त्याच वाटेनं जायाचं हाय. साहेबाले सांगू का नोको? मागच्या टायमाले सांगतलं त सारे हासले."

पोस्टवरून घरी फोन करायची प्रत्येकाची पाळी असायची. गुरुवारी पुंडलिकची होती, हे मला त्या क्षणापर्यंत आठवलंही नव्हतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, बापा, कायले साहेबाच्या तोंडी लागतं? ते आपल्या शिरपूरकडचे हायेत. त्याईले समजत नसन का? ते म्हनतीन तसं कर." काका थांबले. "असं म्हनलं म्या त्याले. हाव म्हने. अन् ठेवला फोन."

मी म्हणालो, "काका, चूक माझी आहे. सगळी माझी."

"तुमची तुमच्यापाशी," काका म्हणाले. "माझी मले आज दिसली ना."

"त्यानं चार माणसं वाचवली, काका. एकट्यानं. हे तुम्हाला कळावं म्हणून..."

"आयकलं. मोठा झाला पोट्टा." हे म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. मग सावरून म्हणाले, "नऊ वर्सं मी सोताले समजावत आलो, पोराचा वहम असन. भेग नसनच. बर्फाचा काय भरोसा, तुमीच सांगतलं होतं. तेवढ्यावर मी जगून राह्यलो होतो, सुभेदार. त्याची मायबी तेच खरं धरून मेली बिचारी. आज तुमी तेही नेलं."

हुकूम देणं येतं, रिपोर्ट देणं येतं; याला काय उत्तर द्यायचं ते अठ्ठावीस वर्षांत कोणी शिकवलं नाही. काका उठले, टोपली घेतली आणि वांगी तोडायला लागले. मी मदतीला पुढे झालो तर हातानंच नको म्हणाले. मी गाडी ढकलत रस्त्यापर्यंत आणली आणि मग सुरू केली.

मी काय समजत होतो? खरं सांगून मी त्यांना त्यांचा पोरगा परत देतो आहे. त्याची कीर्ती त्याला मिळेल, बापाची मान वर होईल, आणि जमलं तर माझंही ओझं उतरेल. हातात काय राहिलं? आधी एक माणूस रात्री जागायचा, आता दोघं जागतो.

हे लिहिण्याआधी मी काकांना विचारायला गेलो होतो. बाजारात, त्यांच्या गल्लीत. ते जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "लिवा. आता काय उरलं."

म्हणून लिहिलं. रेकॉर्ड दुरुस्त व्हावं म्हणून मी पलटणीला पत्र पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही. इतक्या वर्षांनी येईल असं वाटतही नाही. दिलबागशी फोनवर बोललो. त्याला दोन मुली आहेत. बाकी तिघांचीही लग्नं झाली, एकाचं तर घर बांधून झालं, फोटो पाठवला होता. चौघंही मला वाढदिवसाला फोन करतात आणि साब म्हणतात. ते फोन घेणं मी आता बंद केलं आहे.

लान्स नायक पुंडलिक, बापाचं नाव तुळशीराम, जऊळक्याजवळचा. आवाज बारीक, चाल संथ. जेवणात जरा जास्त तिखट लागायचं. सव्वीस वर्षांचा होता. मी बोलू दिलं असतं तर आज पस्तिसाचा असता.